परसबागेची पाटी

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आठवणींची वाण मुळीच नव्हती. पहाटेची वंदना, जेवणघरातील रांग, परीक्षेच्या दिवसांतील रात्रीचा अभ्यास, सुट्टीत घरी निघताना पत्र्याच्या पेटीला लावलेले कुलूप, या साऱ्यांविषयी या अंकात माझ्याहून चांगले लिहिणारे कोणी ना कोणी लिहीलच. मी मात्र एका लाकडी पाटीविषयी लिहिणार आहे. निवृत्तीनंतर वर्सोव्याच्या आमच्या इमारतीमागील परसबागेसाठी ती मी स्वतः रंगवली. तिच्यावर या शाळेने हाताला लावलेले वळण आहे आणि या शाळेत रोज उच्चारलेल्या पाच शीलांपैकी एक शीलही आहे. म्हणून तिची हकीकत इथेच सांगणे मला योग्य वाटते.

माझ्या बरोबरीच्यांना आठवत असेल, की वसतिगृहामागील परसबागेत प्रत्येक वर्गाला एक वाफा नेमून दिलेला असे. मेथी कोणाची, वांगी कोणाची हे कळावे म्हणून वाफ्याच्या टोकाला खोक्याच्या फळीची लहानशी पाटी ठोकलेली असे. या पाट्या रंगवण्याचे काम एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींकडे येई. आमचे चित्रकलेचे सर सांगत, की इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, आपले अक्षर वरच्या रेघेला लटकते. म्हणून आधी वरची रेघ सरळ करा, खालचे आपोआप जुळून येईल. पुढे महानगरपालिकेच्या शाळेत शिकवताना फळ्यावर रोजची तारीख लिहिण्यापूर्वी मी ती वरची रेघ मनातल्या मनात ओढत असे. त्या सवयीचा एवढा मोठा उपयोग निवृत्तीनंतर होईल, असे मात्र वाटले नव्हते.

वर्सोवा म्हटले, की बाहेरगावच्या मंडळींना समुद्र, सिनेमातील माणसे आणि २०१४ मध्ये सुरू झालेली घाटकोपरची मेट्रो आठवते. आम्हां रहिवाशांचे वर्सोवा थोडे वेगळे आहे. कोळीवाड्यात बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, मढला नेणारी खाडीतली तर, आणि खिडकीच्या गजांपासून सायकलीच्या साखळीपर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तूला खाणारी खारी हवा, हे आमचे नित्याचे. आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. तिच्या मागच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत अकरा फूट रुंदीची एक पट्टी रिकामी पडून होती. दुरुस्तीच्या प्रत्येक कामानंतर उरलेली डेब्री तिथे टाकली जाई. ती उपसून, रेताड जमिनीत शेणखत, नारळाच्या शेंड्या आणि घराघरांतील ओल्या कचऱ्याचे खत मिसळून आम्ही चार-पाच जणांनी तिथे परसबाग उभी केली. कढीपत्ता, शेवगा, अळू, गवती चहा, पानओवा, लिंबू, मिरच्या आणि भिंतीकडेला दोन केळी.

‘आम्ही उभी केली’ असे म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हटले. खरी उभी केली ती इमारतीची झाडलोट करणाऱ्या मावशींनी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आईवडिलांबरोबर मुंबईला आलेल्या या बाईंना मातीचा वास घेऊन तिला पाणी हवे की खत, हे सांगता येते. अळूचे कंद कोणत्या कोपऱ्यात लावावेत आणि शेवग्याचा शेंडा कधी खुडावा, हे सारे त्यांनीच ठरवले.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात या बागेत एक प्रसंग घडला. इमारतीत धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या एका बाईंचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा सकाळी आईबरोबर आला आणि तिचे काम होईपर्यंत मागे खेळत राहिला. जाताना त्याने कढीपत्त्याचे चार डहाळे तोडले. रखवालदाराने त्याचे मनगट धरले, वरच्या गच्चीतून कोणीतरी ‘चोर आहे, पकडून ठेव’ असे ओरडले आणि त्या आईने, काय झाले हे विचारण्याआधीच, सर्वांसमोर मुलाच्या पाठीत धपाटा घातला. मी त्या दिवशी बँकेत गेले होते. संध्याकाळी मावशींनी हे सांगितले, तेव्हा शेवटी म्हणाल्या, “बाई, भाजीवाला कढीपत्ता फुकट टाकतो पिशवीत. पोरगं मात्र चोर झालं.” दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याच्या आळ्याजवळच्या कठड्यावर दगडाखाली दहा रुपयांची नोट ठेवलेली सापडली. ती कोणी ठेवली, हे विचारावे लागले नाही.

त्यानंतरच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. सचिवांनी सुचवले, की बागेला पाटी लावावी, म्हणजे असे प्रसंग टळतील. मजकूरही त्यांच्याजवळ तयार होता: ‘खाजगी जागा. बाहेरील व्यक्तींना सक्त मनाई. पाने-फुले तोडू नयेत.’ फ्लेक्सवर छापून तासाभरात मिळेल, असेही ते म्हणाले. माणूस वाईट नाही. कोणतीही गोष्ट नियमात बसवल्यावाचून त्यांना चैन पडत नाही, एवढेच. मी म्हटले, “पाटी मी हाताने रंगवून देते, खर्चही माझा. मजकूर तेवढा माझ्यावर सोपवा. तो आधी सभेला वाचून दाखवीन.” मास्तरीण बाईंचे अक्षर चांगले, हे सर्वांना ठाऊक होते. ठराव झाला. मजकुराचे मात्र मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढचे काही दिवस मी पंचशीलातील दुसऱ्या शीलाचा विचार करीत होते. आपण सर्वांनी ते लहानपणापासून घेतले आहे. मराठीत आपण त्याला सोईसाठी ‘चोरी न करणे’ म्हणतो. पण मूळ पाली शब्द फोडून पाहिला, तर तो ‘न दिलेले घेण्यापासून दूर राहणे’ असा निघतो. या दोहोंत मोठे अंतर आहे. चोरी म्हटली, की सारा भार घेणाऱ्यावर पडतो. ‘न दिलेले’ म्हटले, की एक देणाराही त्या वाक्यात येऊन उभा राहतो. एखादी वस्तू दिलेली आहे की नाही, हे त्याने स्पष्ट केल्यावाचून घेणाऱ्याला शील पाळता येणार कसे? आमच्या बागेतील कढीपत्ता कोणी विकत नव्हते, कोणाला तो पुरा संपवताही येत नव्हता. वाळून गळालेली पाने मावशी रोज झाडून काढीत. तरी तो ‘दिलेला’ आहे, असे कोणी कधी म्हटले नव्हते. त्या मुलाला चोर ठरवायला चार डहाळे पुरेसे नव्हते. आमचे न बोलणेही त्याला लागले होते.

या विचाराला आधार मिळाला तो घरापासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला शाळेच्या सहली घेऊन मी अनेकदा गेले आहे. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली, आणि पाण्याच्या टाक्यांजवळ, ओवऱ्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख. त्यांत राजांपेक्षा साधी माणसे अधिक भेटतात: व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा, म्हणजे पोढीचा, लेख तिथे आहे. या लेखांत एक शब्द पुनःपुन्हा येतो, ‘देयधम’. धम्मासाठी दिलेले दान. लेख कोणी कोरला, हे क्वचितच कळते. कोणी दिले आणि काय दिले, एवढे मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. मुलांना हे सांगताना मी ते नेहमी इतिहास म्हणून सांगत असे. आता लक्षात आले, की त्या सोनाराने पाण्याजवळ पाटीच लावली होती. पाणी दिलेले आहे, असे तिथेच, पाण्याकाठी, दगडावर लिहिले होते.

पाण्याकाठी हे असे लिहिणे किती महत्त्वाचे आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे आपलाही ठराव केला. तो ठराव दप्तरात राहिला. चवदार तळ्याच्या काठावर मात्र काही बदलले नाही, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला. एवढ्या मोठ्या संग्रामाशी आमच्या अकरा फुटांच्या बागेची तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण कागदावर दिलेले आणि जागेवर दिलेले यांत अंतर असते, हे मी त्या तळ्यापासून शिकले आहे. म्हणून सोसायटीच्या इतिवृत्तात एक ओळ घालून भागणार नव्हते. जे द्यायचे ते झाडापाशीच लिहायला हवे होते.

मजकूर ठरायला आठवडा गेला. ‘घेऊ शकता’ हे शब्द मी प्रथम बाजूला ठेवले. त्यांत उपकाराचा सूर लागतो. ‘घ्या’ म्हटले तर ते मोठ्यांना ठीक, लहान मुलाला ते आपल्यासाठी वाटत नाही. ‘घे’ म्हटले तर म्हाताऱ्या माणसाचा अवमान होतो. मग ध्यानात आले, की मराठीत ‘घ्यावे’ हे रूप सर्वांना पुरते. त्यात तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. मूल वाचो की आजोबा, मान सारखाच राहतो. गंमत अशी, की सचिवांच्या ‘तोडू नयेत’ या शब्दांचीही जात तीच. मनाई करताना आपण ज्या अदबीने बोलतो, त्याच अदबीने देतानाही बोलता येते. शेवटी तीन ओळी ठरल्या:

परसबाग
लागेल तेवढे घ्यावे.
तांब्याभर पाणी घालावे.

सभेत या मजकुरावर बराच खल झाला. सारे झाड ओरबाडून नेतील, अशी भीती एकाने व्यक्त केली. त्यावर ‘लागेल तेवढे’ या शब्दांकडे मी बोट दाखवले. मालकाचे नाव तरी असावे, असे सचिवांचे म्हणणे होते. मी म्हटले, “नाव घालायचे तर पहिले मावशींचे घालावे लागेल.” कोणी हरकत घेतली नाही. मावशींनी मात्र स्वतः हात हलवून नकार दिला आणि विचारले, “ह्यात मला वाचता येईल असं काय आहे?” त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या प्रश्नामुळे पाटीच्या एका टोकाला कढीपत्त्याचा डहाळा आणि दुसऱ्या टोकाला तांब्या काढायचे ठरले. मजकूर सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला.

फ्लेक्स मला नकोच होते. ज्या किनाऱ्यावरून ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर आठवड्याला हातांनी प्लॅस्टिक उचलले, त्याच्याजवळ राहून आणखी एक प्लॅस्टिकचा तुकडा वाऱ्यावर सोडणे बरे वाटेना. लाकूड हवे होते, आणि खाऱ्या हवेत टिकणारे लाकूड कोणते हे कोळीवाड्याइतके कोणाला कळणार? माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील नाखवा आहेत. त्यांच्याकडे मोडलेल्या होडीच्या सागाच्या फळ्या पडून होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी निवडून दिल्या: साडेतीन फूट लांब, नऊ इंच रुंद, खिळ्यांच्या जुन्या भोकांसह. दोनशे रुपये त्यांनी घेतले. निघताना निळ्या रंगाचा अर्धा डबा माझ्या हाती दिला, त्याचे मात्र घेतले नाहीत. होडीला लावून उरलेला रंग तो. बागेला हिरवा शोभला असता, असे नंतर कोणी कोणी म्हणाले. निळ्या रंगाविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना मी काही समजावून सांगावे असे नाही. सोसायटीला मी एवढेच सांगितले, की तो फुकट मिळाला.

नाखव्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: जे काय करायचे ते जूनच्या आत. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, होड्या वर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी होते. त्या दिवसांत उघडीप पाहून रंग लावणे त्यांच्या हातचे आहे. नवख्याचा रंग दमट हवेत आठ आठ दिवस चिकट राहतो. त्यामुळे एप्रिलमध्येच गच्चीवर काम मांडले.

ज्यांना असे काही करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी कृती थोडी तपशिलाने लिहिते. फळ्या प्रथम काचपेपरने घासून जुना रंग उतरवला. सागाला अंगचे तेल असते, त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या दोनदा पुसल्या. खिळ्यांची भोके लांबी भरून बुजवली. दोन्ही फळ्या मागून दोन आडव्या पट्ट्यांवर जोडल्या, मधे एका नाण्याएवढी फट ठेवून. पावसात लाकूड फुगते, त्याला जागा हवी. स्क्रू पितळी वापरले, कारण लोखंडी स्क्रूचा गंज एका पावसाळ्यात अक्षरांवर ओघळतो. मग प्रायमरचा एक हात आणि ऑईल पेंटचे दोन हात, समोरून तसेच मागूनही. मागची बाजू कोरी ठेवली, तर ती ओल पिते आणि फळी वाकते. दोन्ही टोकांना, जिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात, तिथे रंगाचे तीन हात दिले. पाणी सर्वांत आधी तिथूनच आत शिरते.

अक्षरांचे काम खरे कौशल्याचे. देवनागरीला दोन रेघा पुरत नाहीत, चार लागतात: शिरोरेषेची एक, अक्षराच्या पायाची एक, मात्रा-वेलांटीसाठी वरची आणि उकारासाठी खालची. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकल्या, की उत्तम अक्षरही दुरून गचपण दिसते. आमच्या मजकुरात एकही उकार नाही, हे माझे भाग्य. त्यामुळे ओळी जवळ घेऊन अक्षर मोठे करता आले. ‘परसबाग’ या शब्दाला तर वरखाली काहीच नाही, तो एका रेघेला शांतपणे टांगलेला राहतो. कागदावर पूर्ण आकाराचा मजकूर काढला, रेषांवर सुईने भोके पाडली, कागद फळीवर चिकटवून त्यावर खडूच्या भुकटीची पुरचुंडी फिरवली. कागद उचलल्यावर निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरे उमटली. मग डाव्या हातात काठी आडवी धरून, तिच्यावर उजवे मनगट टेकवून, लांब केसांच्या ब्रशने ती पांढऱ्या रंगात भरली. बोरूने लिहिताना अक्षर जिथे जाड होते आणि जिथे बारीक, तिथेच ब्रशनेही तसे व्हावे लागते. एरवी ते अक्षर आपल्या लिपीचे वाटत नाही. शिरोरेषा सर्वांत शेवटी, श्वास रोखून, एका ओढीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाटी कढीपत्त्याशेजारी उभी राहिली. तिने सारे सुरळीत केले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात गवती चहाचे बेट जवळजवळ बुडापासून कापले गेले, आणि ज्यांना भीती वाटत होती, त्यांनी ते मला दाखवले. मावशींनी बेट फोडून तीन ठिकाणी लावले. पावसाळ्यात तिन्ही वाढली. रस्ता झाडणारे कामगार सकाळी लिंबू नेतात आणि तांब्याऐवजी बाटलीने पाणी घालतात. वरच्या मजल्यावरील कुटुंबे, ज्यांना ही बाग आपलीच वाटे, तीही आता पाणी घालू लागली आहेत. पाटीने त्यांनाही सोडलेले नाही. रखवालदाराला आता कोणाचे मनगट धरावे लागत नाही. वाद झालाच, तर तो ‘लागेल तेवढे’ म्हणजे किती, यावर होतो, आणि असा वाद मला आवडतो.

त्या मुलाच्या आईने पावसाळा संपेपर्यंत बागेकडे पाहिले नाही. दसऱ्याच्या सुमारास एक दिवस त्या कठड्याशी थांबल्या, तांब्या भरून आळ्यात ओतला आणि मग एक डहाळा घेतला. आधी पाणी, मग पान. आमच्या पाटीवर क्रम उलटा आहे. त्यांचा मला अधिक योग्य वाटला. कठड्यावर सापडलेली ती दहा रुपयांची नोट मी जपून ठेवली होती. ती परत द्यायला गेले, तर त्यांनी घेतली नाही. “मिरचीचं बी आणा त्याचं,” म्हणाल्या. तसे आणले.

दोन पावसाळ्यांनी पाटीचा निळा रंग समुद्राकडच्या बाजूने उडाला आहे आणि ‘घालावे’ची मात्रा पुसट झाली आहे. येत्या एप्रिलमध्ये तिला पुन्हा रंग द्यावा लागेल. त्या मुलाचे अक्षर चांगले आहे, असे त्याच्या वर्गशिक्षिका सांगतात. खडूचे ठिपके मी उमटवून देईन, भरायचे काम त्याला देणार आहे. शिरोरेषेसाठी लागणारी काठी अजून माझ्याकडे आहे.